यंदा नाही

आमच्या फ्लोरामावशी प्रश्न ऐकायच्या आधीच उत्तर देतात. उत्तर एकच असतं. "नाही."

वॉचमनने खालून हाक मारली, "मावशी, कुरियर!" की "नाही." भाजीवाल्याने विचारलं, "मेथी देऊ?" की "नाही," आणि मग दोन जुड्या निवडून घेणार. जिन्यात कुणी सहज म्हटलं, "बऱ्या आहात ना?" तर "नाही," आणि चार पायऱ्या उतरून गेल्यावर खालून आवाज, "बरी आहे. का?" नवीन भाडेकरू दचकतात. आम्हाला सवय झाली आहे. मावशींचं पहिलं 'नाही' म्हणजे घसा साफ करणं. खरं उत्तर त्यानंतर येतं. बहुतेक वेळा तेही 'नाही'च असतं, ही गोष्ट वेगळी.

सोसायटीच्या सभेत आजवर एकही ठराव सर्वानुमते झालेला नाही. मागे लिफ्टला नवा रंग द्यायचा होता. सेक्रेटरी म्हणाले, "तर सर्वानुमते..." मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "नाही."

"मावशी, तुमची हरकत काय आहे?"

"हरकत काही नाही. पण सर्वानुमते कसं? मला कुठे विचारलं?"

"बरं, विचारतो. रंग द्यायचा का?"

"नाही," मावशी म्हणाल्या, आणि मग, "द्या. पुढचे."

हे 'पुढचे' त्यांचं दुसरं आवडतं. कुणाचंही बोलणं आपल्या दृष्टीने संपलं की त्या 'पुढचे' म्हणतात. समोर पुढचा कुणी असो वा नसो. डॉक्टरने गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा त्याला म्हणाल्या, "यंदा नाही. पुढचे." आणि उठून आल्या. बाहेर खरोखरच पुढचा पेशंट होता म्हणून ते खपून गेलं.

फ्लोरा सॅम्युअल आवासकर. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. मूळ गाव अलिबागकडचं. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मी कराडची, लग्न करून न्यू पनवेलला आले तेव्हा माझं 'न' आणि 'ण' त्यांनीच जिन्यात उभं राहून सुधारलं. उंच, हडकुळ्या, सुती साडीचा पदर खांद्यावर सेफ्टी पिनने घट्ट बसवलेला, चष्मा साखळीला. पहिल्या मजल्यावर राहतात, एकट्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याच्या वळणावर उघडते. बेल वाजली की मावशी दार उघडत नाहीत, खिडकी उघडतात. तीही अर्धीच. बाहेरच्याने वाकून बोलायचं, आतून उत्तर यायचं. सगळा व्यवहार तिथेच होतो.

हे सगळं आलं कुठून, तर नोकरीतून. इथल्या मुलींच्या एका शाळेत मावशी जन्मभर क्लार्क होत्या. शाळेचं नाव लिहीत नाही. माझी धाकटी अजून बालवाडीत आहे.

तर ही शाळा म्हणजे काय हे बाहेरगावच्या माणसाला समजणार नाही. पाचवीला तिथे मोजक्या जागा, आणि दर वर्षी अर्ज असे की अर्धं पनवेल फाटकाशी उभं. कुणाला घ्यायचं ते वरच्या मजल्यावर ठरायचं. कुणाला घेतलं नाही ते खाली सांगायचं. मुख्याध्यापिका आल्या आणि गेल्या. पालकांना तोंडावर नाही म्हणायची हौस त्यांच्यापैकी एकीलाही नव्हती. त्या कामासाठी ऑफिसला एक खिडकी होती आणि खिडकीत फ्लोरामावशी होत्या.

त्या काळच्या गोष्टी मावशी रंगवून सांगतात. कोन गावचे एक आजोबा नातीला घेऊन आले होते. नकार ऐकून तांबडेलाल झाले. "नाय म्हनता? तुमी काय देव हाय का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "मी क्लार्क आहे. पुढचे."

एका वकिलाने कोर्टात खेचायची धमकी दिली, त्याला त्यांनी कोर्ट कुठल्या दिवशी बंद असतं ते सांगितलं. एका बड्या माणसाने टोपलीभर पापलेट ऑफिसात पाठवले. मावशींनी टोपली शिपायाबरोबर परत धाडली. वर निरोप, "शिफारस चालत नाही. आणि मासा ताजा नाही."

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण फेब्रुवारी लागला की मावशी अजून बेचैन होतात. त्यांचा भाऊ कुटुंब घेऊन कधीच इस्रायलला गेला. तिथून दर सणाला फोन करतो, "आता तरी ये, फ्लोरा. तिथे कोण आहे तुझं?" मावशी म्हणतात, "यंदा नाही. यंदा ॲडमिशन आहेत." फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे हे जिन्यात सगळ्यांना ऐकू येतं. पलीकडे भाऊ तिथल्या हवेचं काहीतरी सांगतो.

आमची मोठी, मुक्ता, गेल्या वर्षी चौथीत होती. माझा नवरा प्रसाद द्रोणागिरीला, बंदराजवळच्या एका गोदामात मॅनेजर आहे. दिवसभर कंटेनर आणि ट्रेलरमध्ये असतो, घरी येतो तो वाहतुकीला शिव्या देत. पण मुक्ताला त्याच शाळेत घालायचं यावर आमचं दोघांचं एकमत होतं. का घालायचं, हे आम्हाला नीटसं माहीत नव्हतं. समोरच्या विंगमधल्या तिघींनी अर्ज भरले होते, हे माहीत होतं. तेवढं पुरलं.

मी पुरणपोळ्या केल्या आणि डबा घेऊन खाली गेले. खिडकी उघडली.

"नाही," मावशी म्हणाल्या. मग डबा आत घेतला, झाकण उघडलं, एक तुकडा तोंडात टाकला. "पोळी छान झाली आहे. शिफारस नाही."

"मावशी, मी काही मागितलंच नाही!"

"चौथीतली मुलगी. फेब्रुवारी महिना. पुरणपोळी. होळी पुढच्या महिन्यात आहे, वैशाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वळणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दुपारी शाळेतून आली की पाठव तिला माझ्याकडे. रोज."

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. प्रसादला फोन लावला. "वशिला लागला!" तो म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं, माणसं पोळीने वितळतात?" त्याने असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

मुक्ता रोज जायला लागली. येताना खुशीत असायची. मला वाटलं, त्या शाळेत काय विचारतात, कसं बोलायचं, कुठे हसायचं, ते सगळं मावशी घोटून घेत असणार. कायद्याने पाचवीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही, मुलाखतही नाही. म्हणून शाळा 'परिचय-भेट' घेते. परिचयाला आई, बाप, मुलगी तिघं जातात, आणि परिचय झाल्यावर बहुतेकांना शाळा ओळखत नाही. त्या भेटीत काय चालतं ते मावशींइतकं कुणाला ठाऊक?

एक दिवस मी माझ्या ऑफिसमधून लवकर आले. जिन्याच्या वळणावर मुक्ता खिडकीसमोर उभी होती.

"काय हवंय?" आतून आवाज.

"गोळी."

"नाही."

मुक्ता उभीच.

"मग आता?"

"थँक यू, मावशी."

"पुटपुटू नकोस. मान वर. खांदे वर. आणि वळायचं कसं? हां. पाय ओढायचे नाहीत. परत."

हे तीनदा झालं. मी मुक्ताला हाताला धरून वर आणलं. "रोज हेच करता तुम्ही?"

"हो. कधी रंग मागायचे, कधी लाडू. मावशी नाही म्हणते."

"आणि मग देतात ना?"

"कधी कधी देते. कधी कधी खरंच नाही देत. सारखं दिलं तर प्रॅक्टिस खोटी होते, असं म्हणते."

मी तशीच खाली गेले. चपलाही घातल्या नाहीत. खिडकी उघडायची वाट न पाहता दार वाजवलं. मावशींनी खिडकीच उघडली.

"तुम्ही माझ्या मुलीला नापास व्हायला शिकवताय?"

"नाही."

"मग हे काय आहे? मी तिला तयारीला पाठवलं होतं!"

"तयारीच चालली आहे." त्यांनी चष्मा काढून साखळीवर सोडला. "त्या खिडकीत बसून मी एक पाहिलंय, वैशाली. मी नाही म्हटलं की मुली माझ्याकडे बघत नाहीत. त्यांना काही कळलेलंच नसतं. त्या आईच्या तोंडाकडे बघतात. तिथे काय दिसतं ते बघून मग रडतात. तुझी तरी न रडता बाहेर पडावी एवढंच." आणि चष्मा पुन्हा लावत, "तुझ्या तोंडाची तयारी मी घेऊ शकत नाही. तू ऐकायची नाहीस."

"आमचं होणार आहे ॲडमिशन," मी म्हटलं.

यावर मावशींनी चक्क 'नाही' म्हटलं नाही. मी मुक्ताला खाली पाठवणं बंद केलं.

परिचय-भेटीचा दिवस आला. प्रसादने लग्नातला कोट घातला होता. आत मुख्याध्यापिका, आणखी दोन बायका आणि एक ट्रस्टी बसले होते. टेबलावर झाकण घातलेले पाण्याचे ग्लास. ते आमच्यासाठी नव्हते. मला विचारलं, "तुम्ही नोकरी करता? मग घरी अभ्यास कोण घेतं?" मी म्हटलं, मीच घेते. "कधी?" असं विचारून त्या बाईंनी अशा काही नजरेने पाहिलं की मी चोरून नोकरी करते आहे असं वाटावं. प्रसादला विचारलं, पाल्याकडून अपेक्षा काय? त्याने इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच हिंदीत गेला आणि शेवटी "म्हणजे तसं काही नाही" असं म्हणून मराठीत उतरला.

मग सगळे मुक्ताकडे वळले. मुख्याध्यापिका गोड हसल्या. "बाळ, तुला आमच्या शाळेत का यायचं आहे?"

मुक्ताने मान वर केली. खांदे वर केले. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. मला येतं ऐकायला."

ट्रस्टी झाकण काढून पाणी प्यायले. एक बाई खोकल्या. मुख्याध्यापिकांचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला गोडवा गेला. "बरं," त्या म्हणाल्या. मुक्ता म्हणाली, "थँक यू," आणि पाय न ओढता, सुरेख वळून, दाराकडे चालायला लागली. आम्ही दोघं मागे धडपडत निघालो.

काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजीत. शाळेला खेद वाटत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो वाचत होते, आणि मान वर केली तर मुक्ता समोर उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत. मी हसायचा प्रयत्न केला. पोरगी ओक्साबोक्शी रडायला लागली. मावशी बरोबर होत्या, आणि मला त्याचाच जास्त संताप आला.

संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरून पेढे आले. त्यांच्या सानिकाचं झालं होतं. तिची आई पेढा माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "कुणाला बोलू नका हं. आमचं तसं जानेवारीतच बोलणं झालं होतं ट्रस्टींशी. ती भेटबिट काय, नावाला." म्हणजे मुक्ताने काही म्हटलं असतं तरी काही फरक पडला नसता. हे मला कळलं. अगदी नीट कळलं. पण सानिकाच्या आईवर ओरडता येत नव्हतं. आमच्या पार्किंगचा निकाल तिच्या नवऱ्याकडे पडून होता. पेढा गिळून मी पहिल्या मजल्यावर गेले आणि खिडकीवर थाप मारली.

"तुमच्यामुळे!" मी ओरडले. जिन्यात माणसं जमली. "भेटीत तिने 'नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा' म्हणून सांगितलं! तुमच्यामुळे गेली माझ्या मुलीची शाळा! जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना हाकललंत, तेवढ्याने पोट भरलं नाही? आमची एक राहिली होती?"

खिडकी अर्धी उघडी होती. मी त्या 'नाही'ची वाट बघत होते. तेवढं ऐकलं असतं तर आणखी बोलायला मला जोर आला असता. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग खिडकी आवाज न करता लावून घेतली.

दोन दिवस ती उघडली नाही. मेथीवाला परत गेला.

प्रसाद म्हणाला, सोड आता, दुसऱ्या शाळा आहेत. मला सोडवेना. वेटिंग लिस्ट असते म्हणे, एकदा विचारून तरी यावं म्हणून मी अर्धी रजा टाकली आणि शाळेत गेले. ऑफिस आता ओळखू येणार नाही असं झालं आहे. खिडकी गेली, तिथे काचेचा काउंटर आला. एसी, टोकन, भिंतीवर आकडे दाखवणारा डबा. बाकांवर पालक बसलेले. मी मागच्या रांगेत जागा शोधत होते आणि थबकले.

पहिल्या बाकावर फ्लोरामावशी बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, पदराला पिन, हातात टोकन धरलेलं. त्यांचा आकडा आला. त्या उठून काउंटरशी गेल्या. मी खांबाआड उभी राहिले.

काचेपलीकडची मुलगी विशीतली होती. "बोला, आजी."

"मुक्ता प्रसाद जगताप. पाचवी. यंदाचा अर्ज."

मुलीने कीबोर्ड बडवला. "तुम्ही तिच्या आजी का?"

"हो," मावशी म्हणाल्या.

मावशींना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते जमतही नव्हतं. मान खाली गेली होती.

"आजी, हिला रिग्रेट गेलंय. आता काही होणार नाही."

"मी इथेच होते. याच जागेवर. ऑफिसला."

"हो का? छान," मुलगी म्हणाली. तिने स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "पण सिस्टीममध्ये बंद झालंय ते."

"वर एकदा विचारून बघा ना. विचारायला काय जातं?"

"नाही होणार, आजी."

"मुलगी फार हुशार आहे. भेटीत ती जे बोलली ना, ते तिचं नव्हतं. मी शिकवलं होतं. त्यांना सांगा, चूक तिची नाही. मी लिहून देते तसं."

"आजी, मागे लोक आहेत."

मावशी हलल्या नाहीत. काउंटरची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "होईल काहीतरी," त्या म्हणाल्या. "होतं. कुणीतरी येत नाही, जागा सुटते. मला माहीत आहे. मी थांबते इथे. तुम्ही बघा."

मुलगी वाईट नव्हती. तिने मान तिरकी करून, अगदी मऊ आवाजात म्हटलं, "नाही ना, आजी." आणि बटण दाबलं. डब्यावर पुढचा आकडा आला. मागून एक गृहस्थ आपल्या मुलीला पुढे ढकलत आले आणि मावशींना जरासा धक्का लागला.

मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी मला पाहिलं. मी इथे कशी, हे विचारलं नाही. मुकाट्याने माझ्याबरोबर बाहेर आल्या.

फाटकाबाहेर शाळेच्या गुणवंत मुलींच्या फोटोंचा मोठा फलक आहे. त्याच्या सावलीत एक सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर मावशी बसल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली, पण उघडली नाही.

"मुक्ताला सांगू नकोस मी आले होते ते."

"नाही सांगत."

मग ती मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वैशाली, त्या खिडकीतून मला हे फाटक दिसायचं. नाही म्हटलं की माणसं वळायची आणि इथवर चालत यायची. मग दिसेनाशी व्हायची. पुढे काय ते मला कधी दिसलं नाही." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "घरी कशी जातात गं?"

"रिक्षाने, मावशी," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"रडत?"

"काही जणी."

"आणि तू?"

"मी तुमच्यावर ओरडले."

मावशींनी मान हलवली. त्यात राग नव्हता. काहीतरी पटल्यासारखी हलवली.

"ते बरं असतं," त्या म्हणाल्या. "मी घरी जाऊन कुणावर ओरडू?"

समोर रिक्षा थांबली होती. मी त्यांना आधी बसवलं.